नासकं अंडं आधी नाकाला कळतं

अंडी उबवायच्या पेटीचं, म्हणजे इन्क्युबेटरचं, झाकण उघडलं की मी आधी नाक आत घालते, डोळे नंतर. नीट चाललेल्या पेटीला कोमट, ओलसर, थोडा पिसांचा असा वास असतो. त्यात गंधकाची जराशी जरी झाक आली तर आत एखादं अंडं कुजायला लागलंय असं समजायचं आणि त्याच दिवशी ते शोधायचं. उद्यावर टाकलं तर उद्या ते आपण होऊन पत्ता सांगतं, आणि अख्ख्या घराला सांगतं.

शोधायचं म्हणजे एकेक अंडं उचलून बोथट टोकाशी हुंगायचं. हसू नका, यापेक्षा खात्रीची तपासणी मला माहीत नाही. कानाशी धरून हलवायचं मात्र नाही. चांगलं असेल तर आतल्या गर्भाला हिसका बसतो, आणि नासलेलं असेल तर आत वायू दाटलेला असतो, ते हातातच फुटतं. कवचावर घामासारखे चिकट, पिवळट थेंब दिसले किंवा राखाडी डाग धरले, तर हुंगायचीही गरज नाही. असं अंडं प्लॅस्टिकच्या पिशवीत हळूच सरकवायचं, पिशवीला गाठ मारायची आणि परसात खड्डा करून पुरायचं. खड्डा खोल हवा, वर चुना आणि दगड. नुसतं मातीखाली ढकललं तर मुंगूस नाहीतर कुत्रं उकरतं, आणि त्यांना एकदा अंड्याची चटक लागली की मोर्चा खुराड्याकडे वळतो.

पेटीतच फुटलं तर खरी कटकट. ओल्या फडक्याने बाकीची अंडी पुसायचा मोह होतो, पण पुसताना ती घाण कवचाच्या बारीक छिद्रांत आपणच चोळत असतो. मी कोरड्या कागदाने जेवढं टिपता येईल तेवढं टिपते. जास्त माखलेली अंडी टाकून देते. ज्यांच्यावर थोडेच शिंतोडे असतात त्यांच्यावर पेन्सिलीने फुली मारते आणि पुढे रोज त्यांचा वास घेते. त्यातलं एखादं हमखास जातं.

हे टाळायचं तर सातव्या दिवशी उजेड दाखवायचाच. मोबाईलच्या टॉर्चवर जाड कागदाची नळी धरायची, खोलीत अंधार करायचा. जिवंत अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात आणि मध्ये हलणारा ठिपका. वांझ अंडं नुसतं पिवळं, स्वच्छ दिसतं. शिरा तुटून रक्ताचं गोल कडं उरलं असेल तर गर्भ सुरुवातीलाच मेलाय. गावरान अंड्याचं तपकिरी कवच जाड वाटतं, आत नीट दिसत नाही. मग मी त्यावर प्रश्नचिन्ह काढते आणि दहाव्या दिवशी परत बघते. चौदाव्या दिवशी शेवटची छाननी. तोवरही प्रश्नचिन्ह पुसलं गेलं नसेल तर अंडं बाहेर.

इथेच सासूबाईंचं आणि माझं बिनसतं. “जिवंत असलं तर गो? एकवीस दिवस होईपर्यंत राहू दे की.” खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवण्यात त्यांचा जन्म गेला. कोंबडी स्वतःच एखादं अंडं पायाने बाजूला सारते, आणि फुटलंच तर ते परसात, टोपलीत. माझी पेटी माजघरात आहे. वांझ अंडं राहिलं तर त्याचा फार त्रास नाही, पण मेलेल्या गर्भाचं अंडं ३७.५ अंशांवर दोन आठवडे ठेवायचं म्हणजे जंतूंनाच ऊब द्यायची. यावर त्या गप्प बसतात, पटलेलं नसतं.

त्यांच्या टोपलीत अंड्यांसोबत कोळसा, लोखंडी खिळा आणि सुकी मिरची असते. मेघ गडगडला की अंडी नासतात, त्यावर हा उतारा. माझ्या पेटीतही त्यांनी एक खिळा ठेवलाय, तो मी काढलेला नाही. गडगडाट झाला की आमच्या लांज्याकडे लाईट जाते हे मात्र खरं. तेव्हा मी पेटीवर गोधडी टाकते आणि झाकण उघडून बघण्याची खुमखुमी आवरते. तास-दोन तासांच्या गारव्याने अंडी सहसा दगावत नाहीत, जास्त तापण्याने लवकर दगावतात.

पण माझं ठाम मत असं की नासणारी बहुतेक अंडी पेटीत जाण्याआधीच नासायच्या वाटेला लागलेली असतात. पावसाळ्यात कोंबड्या चिखलाच्या पायांनी येऊन अंडी घालतात. ती अंडी गार पाण्याने धुतली की आतलं आकसतं आणि बाहेरची घाण छिद्रांतून आत ओढली जाते. वर अंड्याचं मूळचं संरक्षक आवरण धुऊन जातं ते वेगळंच. म्हणून मी उबवायची अंडी धुतच नाही. माखलेली असतील तर ती आमच्या आमटीत. घालायच्या जागेचं तूस मात्र सारखं बदलते. गोळा केलेली अंडी निमुळतं टोक खाली करून घरातल्या गार कोपऱ्यात ठेवायची, आठवडाभराच्या वर नाही. मे महिन्यात तर त्याहून कमी, कारण तिशीपार उष्म्यात गर्भ बाहेरच थोडाथोडा वाढायला लागतो आणि अर्ध्यात थांबतो. आणि दहाएक कोंबड्यांमागे एक दमाचा कोंबडा हवा, नाहीतर वांझ अंड्यांचा दोष उगाच यंत्राला.

कोकणातल्या पावसात पाण्याची वाटीही मी पहिले अठरा दिवस ठेवत नाही. हवेतच इतकी ओल असते की ५०-५५ टक्के फुकटात मिळते. अठराव्या दिवशी अंडी फिरवणं बंद करायचं, तेव्हा वाटी ठेवायची आणि ओलावा ६५-७० वर न्यायचा.

पिल्लं निघाल्यावर मागे राहिलेल्या अंड्यांना मी तेविसाव्या दिवसापर्यंत मुदत देते. आत जीव आहे का हे पाण्यात तरंगवून बघण्याच्या खटाटोपात पडत नाही, कारण कवचाला नजरेत न येणारी चीर असेल तर आतलं पिल्लू बुडतं. मुदत संपली की तीही खड्ड्यात. मग पेटीतला केर काढून ब्लीचच्या पातळ पाण्याने पुसायची आणि दोन दिवस कडक उन्हात उघडी टाकायची. पावसाळ्यात ऊन मिळत नाही, म्हणून जुलैत एक खेप झाली की गणपतीपर्यंत दुसरी लावत नाही. शेजारच्या वहिनी पिल्लांसाठी घाई करतात. त्यांना मी सासूबाईंच्या टोपलीकडे पाठवते.