निम्म्या मापाचं गार्ड

वागळे इस्टेटमधल्या एका फॅब्रिकेटरसाठी आमच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी ड्रिल मशीनच्या बेल्ट गार्डचं, म्हणजे फिरत्या पट्ट्यावरच्या पत्र्याच्या झाकणाचं, ड्रॉइंग केलं होतं. त्या सकाळी ते गृहस्थ थेट स्टाफरूममध्ये आले आणि पिशवीतून गार्ड काढून टेबलावर ठेवलं. काम सुबक होतं. कडा नीट वाकवलेल्या, भोकं जागच्या जागी. फक्त ते जेवणाच्या डब्याएवढं होतं.

"मॅडम, आमचं मशीन जरा मोठं आहे हो."

मुलांनी पत्र्याचं डेव्हलपमेंट, म्हणजे वाकवण्याआधीचा सपाट आकार, १:१ स्केलला काढलं होतं; कागद पत्र्यावर चिकटवायचा आणि रेषेवरून कापायचं. कोपऱ्यातल्या माहितीच्या चौकटीत, टायटल ब्लॉकमध्ये, 'ए-वन, १:१' असं ठळक लिहिलेलंही होतं. पण प्रिंट निघाली होती ए-थ्रीवर, 'फिट टू पेपर'ची खूण तशीच ठेवून. ए-वन म्हणजे ५९४ × ८४१ मिलिमीटर, ए-थ्री २९७ × ४२०. प्रत्येक बाजू निम्मी, त्यात प्रिंटरचा समास जाऊन आणखी थोडी कमी. आकडे बरोबर छापलेले होते, ते कारागिराने वाचायला हवे होते, असं आमच्या एका मुलाने हळूच सुचवलं. "टेम्पलेटवर मापं वाचत बसतं का कोणी?" गृहस्थ म्हणाले. मला त्यांचं पटलं.

ए-थ्री का, तर प्लॉटर, म्हणजे मोठ्या कागदाचा प्रिंटर, बंद. २४ इंची रोलचं मशीन, ए-वन त्यात आरामात बसतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मजल्याचं मेन स्विच पाडलं गेलं आणि शाई सोडणाऱ्या हेडमधली शाई वाळली. हे मशीन चालू ठेवलं तर अधूनमधून स्वतःच थोडी शाई सोडून नोझल मोकळी ठेवतं. बंद करून विजेचे जेवढे वाचतात त्याच्या कितीतरी पट नव्या हेडला जातात. त्या हेडची फाइल तेव्हा टेबलाटेबलावरून फिरत होती. कॉम्प्युटर घ्यायला पैसे मिळतात, शाईला मिळत नाहीत, हे मी बऱ्याच वर्षांपासून बघतेय.

गृहस्थांना टेम्पलेट त्याच दिवशी हवं होतं. आधी ए-वनचे चार ए-थ्री करून जोडून पाहिले. समास कापून चिकटवताना सांध्यांवर दोन मिलिमीटर सरकले, भोकांची रेघ तुटली. शेवटी मामांना ड्रॉइंग हॉल उघडायला सांगितलं.

दुपारच्या खरेदी समितीच्या बैठकीत नेमका हाच हॉल मोडून दुसरी कॅड लॅब, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करायची लॅब, करायचा विषय होता! आत १००० × ७०० मिलिमीटरचे लाकडी बोर्ड भिंतीला टेकवून ठेवलेले, बोर्डाला लावून रेघा मारायचे मिनी ड्राफ्टर पेटीत. निम्म्यांचे दांडे ढिले, समांतर रेघ मारली तर एका टोकाला पळते. बरा ड्राफ्टर शोधण्यातच वेळ गेला. ज्या मुलाने तो पहिल्या वर्षानंतर हातात धरला नव्हता, त्याने उत्तरेच्या खिडकीखाली बोर्ड लावला, बेंडची वजावट, म्हणजे पत्रा वाकताना मापातून वजा करायची लांबी, पुन्हा मांडली आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत पूर्ण मापाचं डेव्हलपमेंट काढलं. गृहस्थांनी खिशातली स्टीलची पट्टी लावून सगळ्या बाजू तपासल्या, मगच गुंडाळी केली.

बैठकीला मी ते छोटं गार्ड घेऊन गेले. हसले सगळे. मग हिशेबनीस म्हणाले, "सॉफ्टवेअर आहे ना आपल्याकडे?" आहे, आणि ऑटोडेस्क कंपनी ते शिक्षणासाठी मोफतच देते. पैसा लागतो तो बाकीच्याला. सगळे बोर्ड ठेवा असं माझं म्हणणं नव्हतंच. ढिले ड्राफ्टर भंगारात जावेत. पण डझनभर चांगले बोर्ड हवेत, ए-वन पसरून लाल पेनने तपासता येईल असं एक मोठं टेबल हवं, कारण कॅडच्या टेबलावर स्क्रीन आणि कीबोर्ड ठेवला की ताव पसरायला जागा उरत नाही. शिवाय उजेड. हाताच्या ड्रॉइंगला ७५० लक्स (उजेडाचं एकक) लागतो, आणि खिडकीचा तोच उजेड स्क्रीनवर पडला की मुलं काळे पडदे ओढून बसतात. म्हणून बोर्ड खिडकीकडे, कॉम्प्युटर आतल्या भिंतीला, असा आराखडा मी फळ्यावर काढून दाखवला. मापं घ्यायला व्हर्नियर आणि गोलाई तपासायला रेडियस गेजही मागितले. ते कोणी लिहून घेतले की नाही, कळलं नाही.

हॉलचा निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. प्लॉटरच्या हेडला मंजुरी मिळाली, तीन कोटेशन आणायच्या अटीवर. प्राचार्यांनी विचारलं, पुढच्या सुट्टीत मशीन चालू कोण ठेवणार? चहा घेऊन आलेले मामा दारातूनच म्हणाले, "सर, मेन पाडायचा आदेश तुमचाच असतो. त्याची लाइन वेगळी काढून द्या." इलेक्ट्रिशियनचा खर्च त्याच फाइलीत घालायचं ठरलं.