मेलबर्नची संक्रांत जुलैत येते

संक्रांतीच्या त्या आठवड्यात मेलबर्नचा पारा ४० ला टेकला होता. उत्तरेकडून, वाळवंटाच्या बाजूने असा वारा सुटलेला की दोरीवरचे कपडे अर्ध्या तासात कडकडीत. अशात मी भोगीला तीळ लावून बाजरीच्या भाकऱ्या थापल्या. खेंगट केलं, त्यातला पावटा, घेवडा, ओला हरभरा, सगळं फ्रोझनच्या पाकिटातलं. दुसऱ्या दिवशी गूळपोळी, वर तुपाची धार. तिसऱ्या दिवशी मुलाचा घोळणा फुटला आणि माझं तोंड आलं.

शेजारच्या इटालियन आजींना तिळगूळ द्यायला गेले. मोठ्या कौतुकाने सांगितलं की तीळ आणि गूळ उष्ण, थंडीत अंगात ऊब राहावी म्हणून आम्ही हे खातो. त्यांनी वडी हातात घेतली, अंगणातल्या करपलेल्या गवताकडे पाहिलं आणि विचारलं, "मग आत्ता का?"

"सण आहे," एवढंच म्हणाले.

घरी आल्यावर रागच आला. इथे डिसेंबरच्या उन्हात ओव्हन पेटवून टर्की भाजतात, गरम पुडिंग खातात, त्यांना कोण विचारतं? पण त्यांनीही त्यावर तोड काढलीच आहे. थंडीत जेवायची मजा यावी म्हणून इथे 'ख्रिसमस इन जुलै' करतात. आणि आजींचा प्रश्न खोचक नव्हता. फेब्रुवारीत टोमॅटो लालबुंद झाल्याशिवाय त्या वर्षभराच्या सॉसला हात लावत नाहीत. आमच्या साताऱ्याला कडक ऊन पडल्याशिवाय कुरडया घालायच्या नाहीत, तसंच ते.

अकरा वर्षं मी साताऱ्याच्या ऋतूंवर जेवत होते. जुलैत आई फोनवर सांगायची, "अगं, पावसाळा आहे, अग्नी मंद असतो, पालेभाज्या नको, हलकं खा." आणि मी इथे पहाटेच्या पाच अंशांत, पोटात भुकेचा डोंब उसळलेला असताना मुगाची खिचडी खायचे. आईचं चुकत नव्हतं. तिच्या खिडकीबाहेर खरंच पाऊस कोसळत होता.

मग अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातला ऋतुचर्येचा, म्हणजे ऋतूप्रमाणे कसं खावं-वागावं याचा अध्याय काढून बसले. शिशिर, वसंत, ग्रीष्म हा आदानकाळ. सूर्य उत्तरेकडे येतो, तापतो, अंगातलं बळ ओढून घेतो. वर्षा, शरद, हेमंत हा विसर्गकाळ. सूर्य दक्षिणेकडे जातो आणि बळ परत मिळतं. म्हणजे सगळा हिशेब सूर्याचा. आणि तो दक्षिणेकडे जातो म्हणजे माझ्याच डोक्यावर येतो! तुमचा विसर्गकाळ तो माझा आदानकाळ. इथला सर्वांत लहान दिवस २१ जूनच्या आसपास. तुमच्या मकर संक्रांतीच्या जागी इथे बसते ती कर्क संक्रांत, १६ जुलैच्या सुमारास.

त्याच अध्यायात आहे की हेमंतात अग्नी बलवान असतो, त्याला पुरेसं इंधन मिळालं नाही तर तो शरीरातले धातूच, म्हणजे रक्त-मांसच, पचवायला लागतो. माझी जुलैतली खिचडी आठवली आणि वाईट वाटलं.

आता जून ते ऑगस्ट घरात उडदाचं घुटं, बाजरी, लोणी, डिंकाचे लाडू. जानेवारीत साळीच्या लाह्या, सातूचं पीठ, कोकम, काकडी. आंबा तर इथे नाताळातच येतो, क्वीन्सलँडचा. दह्याऐवजी ताक, कारण ग्रीष्मात दही नको असं चरकानेही सांगितलंय. ऋतू बदलताना आधीच्या ऋतूचे शेवटचे सात आणि नव्याचे पहिले सात दिवस जुनं हळूहळू सोडायचं, नवं हळूहळू धरायचं. इथे सरकारी ऋतू १ मार्चला, १ जूनला असे तारखेवर बदलतात, आणि मेलबर्नची हवा एका दुपारीत पंधरा अंश उतरते. तरी मी ते चौदा दिवस पाळते.

सगळ्यात अवघड कोजागरी. आपल्याकडे शरदात पित्त खवळलेलं असतं, तेव्हा चांदण्यातलं गार, गोड दूध अगदी योग्य. इथे ऑक्टोबर म्हणजे वसंत, कफाचा काळ. पुढे गवताचे पराग उडायला लागतात आणि अर्ध्या शहराचं नाक वाहतं. २१ नोव्हेंबर २०१६ ला तर वादळाने ते पराग असे पसरले की दम्याच्या झटक्याने दहा माणसं दगावली. अशा दिवसांत रात्री बाराला आटवलेलं दूध मी मुलाला कशी देऊ? नैवेद्याला वाटीभर करते, त्यात सुंठ घालते. आणि याच महिन्यात बाजारात ब्रॉड बीन्स येतात, ताज्या, पावट्याच्या जवळच्या. त्यांची उसळ करते.

वर्षा ऋतू मात्र इथे सापडत नाही. पाऊस वर्षभर थोडा थोडा. आपले सहा ऋतू या भूमीवर नीट बसतच नाहीत. इथल्या मूळच्या कुलिन लोकांनी या परिसराचे सात ऋतू मानले. मार्चमध्ये वाम माशांचा ऋतू, कारण तेव्हा वाम पुष्ट होऊन समुद्राकडे निघतात. ताटाकडे पाहून ऋतू ओळखणारी माणसं इथेही होती, हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं.

आमच्या मराठी मंडळींतल्या एक ताई म्हणाल्या, "सणच बदलायला निघालीस." मी सण बदललेला नाही. १४ जानेवारीला देवापुढे तिळगूळ असतो, प्रत्येकाच्या हातावर एकेक वडी ठेवते, गोड बोला म्हणते. भाकऱ्यांचा ढीग आणि गूळपोळ्या तेवढ्या जुलैवर गेल्या.

यंदा १६ जुलैला पोळ्या झाल्या, तेव्हा बाहेर बोचरं धुकं होतं. आजींकडे दोन गरम पोळ्या घेऊन गेले. त्यांनी मोडून तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि दुसरी पोळी नवऱ्यासाठी झाकून ठेवली. आईला फोनवर ताट दाखवलं. तिच्या मागे पागोळ्या गळत होत्या. ती थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "तीळ नीट भाजलेत ना? मग तूप अजून घाल, थंडी आहे तुमच्याकडे."