कार वॉशच्या खिडकीवरचे पांढरे ठिपके

मागच्या पावसाळ्यात तुर्भ्याला एका कार वॉशच्या खिडकीचं काम बघायला गेलो होतो. टनेलवाला कार वॉश, म्हणजे गाडी कन्व्हेअरवर चढते आणि फोम, ब्रश, पाणी, वॅक्स, ब्लोअर असं करत पलीकडून बाहेर येते, आणि हे सगळं बघायला वेटिंग रूममध्ये ही लांबलचक काच. एक चारेक वर्षांचा मुलगा काचेला नाक लावून उभा होता, आत रंगीत फोम पडत होता आणि हा शर्टाच्या बाहीने काच पुसतोय, परत बघतोय, परत पुसतोय. डाग सगळे पलीकडच्या बाजूला होते. वीस वर्षं काचेचं काम करतोय, पण त्या पोराकडे बघून आतून लागलं.

तिथला कामगार म्हणाला, "दादा, रोज रात्री वायपर मारतो हो, सकाळी चकाचक असते, दुपारपर्यंत परत तेच." त्याची काहीच चूक नव्हती. पाणी टँकरचं, मीटर बुडवला तर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, 800 च्या वर. थेंब सुकला की पाणी उडून जातं आणि कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार गोल रिंगण करून तिथेच बसतात. डाग ताजा असेल तर व्हिनेगरने निघतो, मी बोटाएवढ्या जागेत करून दाखवलं, बारीक बुडबुडे आले आणि काच मोकळी झाली. पण पाण्यातल्या सिलिकाचा, म्हणजे वाळूतल्याच खनिजाचा, थर व्हिनेगरला दाद देत नाही, तिथे पॉलिशच करावं लागतं. आणि कंटाळून अलॉय व्हील धुवायचं ॲसिड तर काचेवर कधीच मारू नका, त्यातल्या काहींमध्ये फ्लोराइड असतं, ते डाग सोडून काचच खातं.

म्हणजे काच ओली होणारच, ते टाळता येत नाही, खारं पाणी तिच्यावर सुकू द्यायचं नाही एवढंच आपल्या हातात आहे. मालकांना सेल्फ क्लीनिंग काच हवी होती. ती चांगली वस्तू आहे, 2001 पासून बाजारात आहे, पण तिच्यावरच्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या थराला ऊन लागतं आणि पाऊस लागतो, टनेलमध्ये ऊन कुठून आणणार, वर वॅक्समधलं सिलिकॉन उडून बसलं की तो थर निकामी. पॉलिकार्बोनेट, म्हणजे काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक, पण नको म्हटलं, चरे पडतात आणि फोमच्या आधी मारतात ते अल्कली केमिकल त्याला सोसत नाही.

एसीचं मात्र माझ्याही उशिरा लक्षात आलं. रूममध्ये 22 डिग्री आणि टनेलमध्ये जुलैची दमट हवा, त्यामुळे एकेरी काचेला पलीकडून घाम फुटायचा, आणि त्या ओलीवर फोमचा तुषार चिकटून राहायचा. म्हणून दुहेरी काच घेतली, मध्ये 12 मिमीची हवाबंद फट, दोन्ही काचा टफन, म्हणजे मजबूत केलेल्या. घाम थांबला.

बाकी बदल साधे आहेत. काचेचा वरचा भाग टनेलच्या बाजूला 10 अंश झुकवला, विमानतळाच्या टॉवरला असते ना तशी, त्यामुळे वरून पडणारा तुषार काचेवर टेकत नाही. टनेलकडून फ्रेमची धार ठेवलीच नाही, काच खालच्या कडेला भिंतीशी सपाट, कारण खालच्या पट्टीवर पाणी साचतं आणि तिथूनच पांढरी रेघ वर चढते. ॲल्युमिनियम सेक्शनही काढला, अल्कलीने त्याला पांढरी बुकटी सुटलेली. आणि खिडकी वॅक्स, ब्लोअरपासून सरकवून फोमच्या समोर आणली, पोरांना बघायचा तर फोमच असतो!

सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे काचेच्या वर भोकं पाडलेला स्टीलचा पाइप. गाडीला शेवटी डाग पडू नयेत म्हणून आरओचं पाणी मारतातच, त्याच लाइनमधून एक फाटा काढला, प्रत्येक गाडीनंतर पाच सेकंद पाणी सोडतो. ते सुकलं तरी मागे फारसं काही उरत नाही. आरओचं टाकाऊ पाणी पहिल्या धुण्याला वापरतात, म्हणून मालकही खूश.

परवा परत जाऊन आलो. काच स्वच्छ आहे, फक्त डाव्या खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढा पांढुरका पट्टा आलाय, पाइपाची शेवटची दोन भोकं तिथवर पोचत नाहीत. रविवारी वॉश बंद झाला की ड्रिल घेऊन जातोय.