नावातला वाकडेपणा

रविवार, रात्री साडेदहा

दुपारभर 'द न्यू यॉर्कर' या अमेरिकन साप्ताहिकाची जुनी मुखपृष्ठं लॅपटॉपवर मोठी करून पाहत बसलो. चित्रांकडे बघायचं नाही, फक्त वरच्या नावाकडे बघायचं, असं ठरवलं होतं. अर्थात ते काही पूर्णपणे जमलं नाही.

पहिला अंक २१ फेब्रुवारी १९२५चा, किंमत १५ सेंट. उंच टोपी आणि एकभिंगी चष्म्यातून फुलपाखरू न्याहाळणारा तो छानछोकी गृहस्थ चित्रकार री अर्विनने काढला आणि वरची अक्षरंही त्याचीच. ती टाइपच्या खिळ्यांची नाहीत, काढलेली अक्षरं आहेत, हे मोठं केल्यावर लगेच कळतं. रेघ मध्येच किंचित जाड होते, कडा पट्टीने आखल्यासारख्या सरळ नाहीत. हॅरॉल्ड रॉसने साप्ताहिक काढलं खरं, पण त्याला चेहरा दिला तो अर्विनने, असं मला आज पुन्हा वाटलं.

पुढे हीच अक्षरं आतल्या लेखांच्या मथळ्यांसाठीही वापरात आली. एकदा हाताने काढलेलं अक्षर टाइप झालं की त्याचे हाल सुरू होतात. आधी धातू, मग फोटोटाइपसेटिंग (फिल्मवर अक्षरं उतरवणं), मग कॉम्प्युटर. दर वेळी कुणीतरी ते नव्याने उतरवून घेतं आणि दर वेळी एखादी कड गुळगुळीत होते. वाचणाऱ्याला पत्ता लागत नाही. पन्नास वर्षांच्या अंतराने आलेले दोन अंक शेजारी ठेवले, तरच कुठे फरक जाणवतो.

२०१३च्या सप्टेंबरात अंकाची मांडणी थोडी बदलली, तेव्हा हाउस इंडस्ट्रीज या अक्षरं घडवणाऱ्या कंपनीने अर्विनचा टाइप पुन्हा रेखाटला. काम चोख आहे, प्रश्नच नाही. बदललं ते बदललेलं दिसू नये, ही असल्या कामातली सगळ्यात अवघड अट, आणि ती त्यांनी पाळली आहे. तरीही मला जुनी नावंच आवडतात. जरा घाईत काढल्यासारखी वाटतात, म्हणून असेल.

आपल्याकडे कमल शेडगे नाटकांची नावं काढायचे. पेपरातल्या जाहिरातीत प्रत्येक नाटकाला वेगळं अक्षर, नाव वाचायच्या आधीच नाटकाचा बाज कळायचा. इथे उलटं आहे. नाव तेच, जवळजवळ शंभर वर्षं, आणि आठवड्याचा सगळा बाज खालच्या चित्राने सांभाळायचा. दोन्हींतलं अवघड कुठलं, यावर एकदा जाणकार माणसाशी वाद घालायला हवा.

चित्रकार या नावाशी खेळतातही. पट्टीचा रंग बदलतो, चित्रातली एखादी वस्तू अक्षरांवर चढते. पण २४ सप्टेंबर २००१च्या अंकासारखं दुसरं मी पाहिलेलं नाही. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरचं, चित्रकार आर्ट स्पिगलमन आणि कला-संपादक फ्रान्स्वाज मूली यांचं ते काळ्यावर काळं मुखपृष्ठ. वर्ल्ड ट्रेड सेंटरचे दोन मनोरे इतके पुसट की अंक तिरका धरल्याशिवाय नीट दिसू नयेत, आणि उत्तरेकडच्या मनोऱ्याची अँटेना वर जाऊन नावातल्या 'डब्ल्यू'ला छेदते. अर्विनच्या अक्षराला धक्का लावायचा तर कारण एवढं मोठं हवं. स्क्रीनवर मात्र यातलं निम्मं हरवतं. हा कागदावरच बघायचा अंक.

त्यामानाने फेब्रुवारीतली गंमत हलकीफुलकी. तो टोपीवाला गृहस्थ दर वर्धापनदिनाला जवळपास जसाच्या तसा परत यायचा. १९९४ साली व्यंगचित्रकार रॉबर्ट क्रमने त्याच्या जागी पत्रक वाचत उभा असलेला एक मुरुमांचा पोरगा आणून ठेवला. माणूस बदलायला सत्तरेक वर्षं लागली. अक्षरांना तेव्हाही कुणी हात लावला नाही.

झोपायच्या आधी एक जुनं आणि एक नवं मुखपृष्ठ फोनवर उघडून पाहिलं. नखाएवढ्या आकारात जुनं नाव कुठलं आणि नवं कुठलं, मला सांगता येईना. म्हणजे माझी ही सगळी कुरकुर अशा फरकाबद्दल आहे, जो बहुतेक वाचकांच्या डोळ्यांपर्यंत पोचतच नाही. तरी कुरकुर चालू ठेवणार आहे.