स्कॉर्पिओ २.२ एमहॉक, इंदूर: खालच्या आरपीएमची ओढ आणि चालू सर्व्हिस

मंडळी, तक्रार अशी आहे: २००० आरपीएमच्या खाली गाडी ओढत नाही. २१७९ सीसीच्या या इंजिनाचा २९० न्यूटन-मीटर टॉर्क १८०० ते २८०० आरपीएममध्ये मिळतो, म्हणजे दुखणं नेमकं त्याच्या हक्काच्या जागी. अशा वेळी गॅरेजमधून पहिलं उत्तर येतं, "टर्बो गेला." टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा, सगळ्यात महाग, म्हणून तो सगळ्यात शेवटी बघायचा.

आधी स्कॅनरवर मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा). चावी ऑन, इंजिन बंद, म्हणजे तो बाहेरच्या हवेचाच दाब दाखवतो. इंदूर साधारण ५५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे ९५ किलोपास्कलच्या आसपास आकडा हवा. इंदुरात १०१ दिसला तर सेन्सरवर संशय घ्या. खलघाटला नर्मदेकाठी हाच आकडा ९९ च्या वर जातो, मानपूरचा घाट चढून आलात की पुन्हा खाली येतो. सेन्सरची फुकटात परीक्षा होते.

मग लॉग, म्हणजे गाडी चालवताना स्कॅनरच्या आकड्यांची मोबाइलवर नोंद. मोकळा रस्ता, तिसरा गियर, १५०० पासून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर; मोबाइल शेजारच्याच्या हातात, ड्रायव्हरच्या नाही. ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) मागितलेला बूस्ट, म्हणजे टर्बोचा वाढीव दाब, आणि प्रत्यक्ष मिळालेला बूस्ट शेजारी शेजारी बघायचे. या गाडीत २००० पर्यंत ३५ किलोपास्कलची तूट, २४०० नंतर दोन्ही आकडे जुळलेले. इंटरकूलरची होज फाटलेली असती तर दाब वाढेल तशी गळती वाढून वरही तूट राहिली असती. फक्त खालीच तूट, म्हणजे व्हीजीटीचे (या प्रकारच्या टर्बोचे) वेन, टर्बाइनभोवतीची हलती पाती, पुरेसे मिटत नाहीत. व्हॅक्यूम मिळाला की वेन मिटतात, एक्झॉस्टची वाट अरुंद होते आणि थोड्या वायूवरही टर्बाइन जोरात फिरतं. व्हॅक्यूम गळाला की वेन उघडेच.

इथे ब्रेकचं पेडल कामाला येतं. वेन हलवणारा व्हॅक्यूम ज्या पंपाचा, त्याच पंपाचा व्हॅक्यूम ब्रेकच्या बूस्टरलाही जातो. पेडल कडक लागत असेल तर पंप किंवा मुख्य लाइन तपासा. पेडल नरम आणि ओढ गेलेली, तर दोष टर्बोकडे जाणाऱ्या बारीक फांदीत. अ‍ॅक्च्युएटरला (व्हॅक्यूमवर रॉड ओढून वेन हलवणारी डबी) हातपंप लावून ५०० मिमी पाऱ्याइतका व्हॅक्यूम दिला: रॉड न अडखळता सरकला, काटा मिनिटभर जागचा हलला नाही. म्हणजे डायफ्रॅम ठीक, वेनही काजळीने जाम नाहीत. गळती निघाली सोलेनॉइडच्या (अ‍ॅक्च्युएटरला किती व्हॅक्यूम द्यायचा ते ठरवणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) निप्पलवर, म्हणजे होज जिथे खोचतात त्या तोटीवर. होज वरून धडधाकट, पण अंगठ्याने वाकवल्यावर टोकाशी केसाएवढी चीर उघडली. उष्णतेने रबर कडक होतं आणि निप्पलच्या कडेवरच तडकतं. टोक कापून परत खोचणं म्हणजे उधारी. पूर्ण होज बदलली, तीही सिलिकॉनची नाही, जाड भिंतीची व्हॅक्यूम होज. पातळ सिलिकॉन गरम झाल्यावर आत चपटं होतं. आता २००० च्या खालची तूट ८ किलोपास्कल.

बाकी नेहमीचं. एअर फिल्टर उघडलात की स्वच्छ बाजूच्या पाइपात बोट फिरवा. तेलाचा पातळ थर चालेल, कचकच लागली तर फिल्टरची कडा नीट बसत नाही आणि धूळ थेट कॉम्प्रेसरच्या पात्यांवर जाते. सोयाबीन काढणीच्या दिवसांत गावरस्त्यांवर जास्त फिरत असाल तर फिल्टर किलोमीटर न मोजता बघा. जोराच्या हवेने झटकू नका, कागद फाटतो आणि फाटलेलं दिसतही नाही.

ऑइल ५डब्ल्यू-३०, सहा लिटरच्या आसपास. मॅन्युअलच्या आकड्यापेक्षा अर्धा लिटर कमी ओता, इंजिन मिनिटभर चालवा, बंद करून दहा मिनिटं थांबा, मग डिपस्टिक बघून बाकीचं. जास्त झालं तर वाफेबरोबर ब्रीदरच्या नळीतून इनटेकमध्ये जातं आणि ईजीआरच्या (थोडा एक्झॉस्ट पुन्हा इनटेकमध्ये सोडणारा व्हॉल्व्ह) काजळीला चिकटून डांबर बनतं. ड्रेन प्लगचा वॉशर दर वेळी नवा. आमच्या मते राजवाडा-पलासियाच्या रोजच्या गर्दीत १०,००० किमीची वाट बघू नये, ७,५०० ला बदलावं. टायमिंग चेनचा टेन्शनर ऑइलच्या दाबावरच चालतो. सकाळी स्टार्टला लांबलेली खडखड ऐकू आली तर आधी ऑइलच बघा.

डिझेल फिल्टरमधलं पाणी पावसाळ्यात काढलंच पाहिजे. नवा फिल्टर बसवताना त्याच्या स्वच्छ बाजूने डिझेल ओतू नका. हवा काढायला हाय-प्रेशर पाइपचे नट तर कधीच ढिले करू नका: आत १६०० बारपर्यंत दाब असतो, ती धार कातडीतून आत घुसते.

कूलंट निम्मं, डिस्टिल्ड पाणी निम्मं. बोअरिंगचं पाणी नकोच; जलूदहून येणारं नर्मदेचं पाणी पोह्यांबरोबरच्या चहाला उत्तम, रेडिएटरला नाही.

ईजीआर अजून उघडलेला नाही. नवा गॅस्केट आला की व्हॉल्व्ह इंजिनवरून काढून कार्ब क्लीनर आणि नायलॉन ब्रशने साफ करू, त्याच वेळी एमएएफला (आत येणारी हवा मोजणारा सेन्सर) खास एमएएफसाठीचा स्प्रे मारू, कार्ब क्लीनर नाही, आतल्या तारेला हात न लावता. नंतर तोच तिसऱ्या गियरचा लॉग. उरलेले ८ किलोपास्कल तिथे सापडले नाहीत तर पुढचा संशय सोलेनॉइडवर.