वळवाच्या दुसऱ्या दिवशी

वसंत म्हटलं की शाळेच्या पुस्तकात कोकिळा असायची. आमच्या कोल्हापूरच्या फुलेवाडीत वसंत म्हणजे दुपारी चारच्या सुमाराला पन्हाळ्याच्या अंगाला काळं होत जाणारं आभाळ, गच्चीवरच्या कुरडया गोळा करायची पळापळ आणि पत्र्यावर ताशा वाजवणाऱ्या गारा. वळीव तासाभरात आटपतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन असं पडतं की कालचं काही घडलंच नाही. त्या दिवशी दहा ते एक मी घराबाहेर पडत नाही. लग्नाची पत्रिका आली तरी बायकोला एकटीला पाठवतो. परसात दोन मधपेट्या आहेत आणि त्यातल्या माश्या नेमक्या अशाच सकाळी घर सोडतात.

माश्या सातेरी. भुदरगड तालुक्यातल्या पाटगावाला आता मधाचं गाव म्हणतात, त्या बाजूच्या एका ओळखीच्या माणसाकडून पहिली पेटी आणली. सातेरी म्हणजे अंधाऱ्या ढोलीत एकाशेजारी एक अशी बरीच पोळी बांधणारी, आकारानं लहान, स्वभावानं निवांत. पण गल्लीत ‘मधमाशी’ म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढं आग्या मोहोळच येतं, पाण्याच्या टाकीखाली लोंबणारं, दगड लागला की अख्ख्या वरातीला पळवणारं. आग्या उघड्यावर एकच थोरलं पोळं बांधतो, तो पेटीत राहतच नाही. हे मी इतक्यांदा सांगितलंय की शेजारच्या काकू आता माझ्याआधी वाक्य पुरं करतात. त्यांचं दार मात्र बंदच असतं.

फाल्गुनात शेवगा, मग कडुनिंब, करंज, जांभूळ. फुलोरा एकामागून एक येतो आणि पेटी भरत जाते. आधी नरांची घरं दिसू लागतात. सातेरीत त्या घरांच्या टोपीला मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक असतं. मग एक दिवस पोळ्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखी कोठडी लोंबताना दिसते. ती नव्या राणीची. अंडं घातल्यापासून साधारण आठ दिवसांत तिचं तोंड बंद होतं, पुढच्या आठ दिवसांत नवी राणी बाहेर येते. जुनी राणी बहुतेक वेळा तोंड बंद झाल्यावर लगेच, निम्म्या प्रजेला घेऊन, निघते. म्हणजे दर आठवड्याला एकदा पेटी उघडून पोळ्यांच्या चौकटी बघितल्या तर आपण त्यांच्या एक पाऊल पुढं राहतो. वेळीच वाटणी करून द्यायची, जुनी राणी आणि दोन-तीन चौकटी दुसऱ्या पेटीत, की बहुतेक वेळा तंटा मिटतो.

हा हिशेब उन्हातला झाला. वळवाच्या आठवड्यात पेटी उघडायची कशी? आभाळ भरून आलं की मवाळ सातेरीसुद्धा हाताला येते. माश्यांना शांत करायच्या धुराड्यात घालायची नारळाची शेंडी सादळलेली. उघडली पेटी आणि आली सर, तर पिलावा, म्हणजे घरांतली अंडी-अळ्या, गारठायचा. आज नको, उद्या बघू, असं करत आठवड्याचे दहा-बारा दिवस होतात. तिकडं आत काय चाललेलं असतं? एरवी दिवसभर रानोमाळ असणाऱ्या माश्या घरात कोंडलेल्या. दाटी वाढलेली, आणि दाटी हेच तर घर सोडायचं एक मोठं कारण. पाऊस त्यांना थांबवतो, पण बेत मोडत नाही. उलट पिकवतो.

निघायच्या आधी कामकरी माश्या राणीचं खाणं कमी करतात. अंड्यांनी जड झालेली ती हलकी झाल्याशिवाय उडणार कशी? हे मी आईला मोठ्या कौतुकानं सांगितलं. ती लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “म्हंजे म्हातारीला उपाशी ठिवून बाहेर काढत्यात.” मी म्हटलं, अगं तसं नव्हे, ती भरलेलं घर लेकीला देऊन नवीन घर मांडायला जाते. “तेच की,” आई म्हणाली.

यंदा जोतिबाच्या यात्रेच्या तोंडावर सलग तीन दिवस वळीव लागला. चौथ्या दिवशी साडेदहाला पेटीच्या दारातून माश्या ओतल्यासारख्या बाहेर आल्या. आवाज असा की घरातला पंखा बंद आहे का बघावं. पाच मिनिटं परसावर नुसतं तपकिरी धुकं, आणि मग ते सगळं सरकत जाऊन काकूंच्या फाटकाजवळच्या कढीपत्त्याला लटकलं, दुधी भोपळ्याएवढं. गल्लीतलं पोरगं ओरडत पळालं, “मोहोळ उठलं, मोहोळ उठलं!” खरं तर उठलेलं मोहोळ आणि निघालेला थवा यांच्यात भांडण आणि वरात एवढा फरक. थव्यातल्या माशीचं पोट मधानं भरलेलं असतं आणि राखायला घरच नसतं. ती चावेल कशासाठी?

त्या घोसावर काही माश्या पोट हलवत नाचत होत्या. या घर शोधणाऱ्या. मार्टिन लिंडाउअर या जर्मन शास्त्रज्ञाला दुसऱ्या महायुद्धानंतर म्युनिकमध्ये थव्यावर नाचणाऱ्या माश्या काजळीनं, विटांच्या भुकटीनं मळलेल्या दिसल्या होत्या. परागाचा पत्ता नाही. त्या फुलांवरून आलेल्याच नव्हत्या, बॉम्बनं पडलेल्या घरांत बिऱ्हाड बघून आलेल्या होत्या. मला वाटलं, आपल्या कोल्हापुरात या दिवसांत निदान गुलाल तरी लागलेला असेल! चष्मा लावून, नाक जवळ नेऊन बघितलं. नव्हता. काकू खिडकीच्या फटीतून म्हणाल्या, “त्यांची पूजा झाली असंल तर घिऊन जावा.”

पाण्याचा बारीक फवारा मारला, खाली कापडी पिशवी धरली आणि फांदीला एक झटका दिला. निम्म्याहून जास्त पिशवीत पडल्या. पिशवीच्या तोंडाशी काही माश्या शेपूट वर करून पंख हलवू लागल्या, तेव्हा जीव भांड्यात पडला. तो वास सोडून बाकीच्यांना बोलावणं असतं. म्हणजे राणी आत. संध्याकाळी त्यांना नव्या पेटीत सोडलं आणि जुन्या पेटीतली पिलाव्याची एक चौकट मध्ये दिली. सातेरीचा काही नेम नाही, जागा पटली नाही तर रातोरात मन बदलून सकाळी चालती होते. लेकरं टाकून मात्र सहसा जात नाही.

इथं मी स्वतःवर खूश झालो, आणि जुन्या पेटीत एकापेक्षा जास्त राणीकोठड्या ठेवल्यात हे विसरलो.

आठवड्यानं पुन्हा वळीव, पुन्हा ऊन आणि दुसरा थवा. याच्यात कोवळी राणी. हा झाडावर थोडाच वेळ टेकला आणि मी पिशवी शोधेपर्यंत छपरांवरून गेला. त्यांच्यासाठी मी गच्चीवर सागवानी पेटी मांडून ठेवली होती, आतून जुनं मेण चोळून. तिच्याकडं कुणी ढुंकूनही बघितलं नाही.

दोन दिवसांनी तालमीजवळच्या मंडळाची पोरं बोलवायला आली. त्यांच्या शेडमध्ये साउंडचा एक जुना खोका पडलाय. स्पीकर काढून नेलेला, भोकावर फळी मारलेली, मागं वायरीपुरतं छिद्र. त्या छिद्रातून सातेरी आत-बाहेर करत होती, पायांवर पिवळा पराग घेऊन. मी खोक्याला कान लावला. आतून बारीक, एकसुरी घरघर.

“काढू का?” मी विचारलं.

“ऱ्हाऊ द्या की भावा,” त्यातला एक म्हणाला. “गणपतीला लागंल तवा बघू.”

गणपतीला अजून साडेचार महिने होते.