सायकॅट्रीची पोस्टिंग ‘आरामाची’ असते म्हणतात

नर्सिंगच्या होस्टेलवर एक समज वर्षानुवर्षं चालत आलाय : सायकॅट्रीची, म्हणजे मनोरुग्णांच्या वॉर्डातली, पोस्टिंग म्हणजे आराम. सलाईन लावायचं नाही, ड्रेसिंग नाही, लेबर रूमची धावपळ नाही. पेशंटशी गप्पा मारायच्या आणि जर्नल पूर्ण करायचं. मेडिसिन-सर्जरीच्या वॉर्डात उभं राहून पोटऱ्या भरून आलेल्या कुणालाही हे ऐकून हायसं वाटतं. बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाची ही पोस्टिंग संपवून मी नुकतीच मोकळी झालेय आणि ज्युनिअर मुली पोस्टिंगच्या जर्नलची उतरवून घ्यायला ‘ताई, फाइल पाठव ना’ म्हणून मागे लागल्यात. एकेकीला सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. पेशंटची गावं, वयं, नाती सगळी बदललेली आहेत. एके ठिकाणी तर दोघींचं बोलणं एकीच्या तोंडी घातलंय.

ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथं सरकारची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. त्यांपैकी एकात आमची बॅच गेली. पहिल्या दिवशी सिस्टर इनचार्जनी आमच्या केसांतल्या पिना, गळ्यातली साखळी, खिशातली कात्री सगळं काढून ठेवायला लावलं. बोलायला बसताना आपली खुर्ची दाराजवळ ठेवायची, पण पेशंटचीही वाट अडवायची नाही, कारण कोंडल्यासारखं वाटलं की माणूस बिथरतो. जेवणानंतर चमचे मोजायचे. गोळी दिली की पाणी पाजायचं, तोंड उघडायला लावायचं, जिभेखाली बघायचं. गोळी गालात धरून नंतर थुंकणारे असतात आणि साठवून ठेवणारेही असतात. त्या दुसऱ्यांची भीती जास्त.

कायद्याचा भाग वर्गात कंटाळवाणा वाटला होता, वॉर्डात नाही वाटला. तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांना ठेवायच्या एका जागी 2001 साली आग लागली तेव्हा साखळीनं बांधलेली 28 माणसं पळता न आल्यानं जळून गेली. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं साखळदंडाला थेट बंदी घातली, भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी (विजेचा झटका देऊन करायचा उपचार) द्यायलाही बंदी घातली. नातेवाईक दबक्या आवाजात ‘शॉक देणार का हो?’ विचारतात तेव्हा हे सांगता आलं पाहिजे. ईसीटीच्या सकाळी नर्सचं काम साधंच असतं : पेशंट उपाशी आहे ना, संमतीपत्र आहे ना, कवळी काढली ना, लघवीला जाऊन आला ना. नंतर कुशीवर वळवून ठेवायचं आणि शुद्धीवर आल्यावर ‘तुम्ही दवाखान्यात आहात, आज मंगळवार आहे’ हे न कंटाळता पुन्हा पुन्हा सांगायचं.

आता प्रोसेस रेकॉर्डिंग. सगळ्यांना घाम फोडणारी गोष्ट हीच. एका पेशंटशी अर्धा तास बोलायचं आणि लगेच जाऊन ते शब्दशः लिहून काढायचं. एका रकान्यात पेशंट काय म्हणाला, चेहऱ्यावर काय होतं, हात काय करत होते. दुसऱ्यात आपण काय म्हणालो. तिसऱ्यात आपण वापरलं ते तंत्र कोणतं आणि ते उपयोगी पडलं की त्यानं बोलणं तुटलं. बोलताना समोर वही धरायची नाही. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम म्हणायच्या, ‘समोर लिहायला लागलात की तो पोलीस जबाब होतो.’

हिल्डेगार्ड पेपलाऊ या अमेरिकन नर्स बाईंनी 1952 मध्ये नर्स आणि रुग्णाचं नातं हाच उपचाराचा भाग आहे, असं मांडलं. त्या नात्याचे टप्पे परीक्षेत हमखास येतात, पाठ होतात. अडचण पुढे येते. आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला गेलं की तोंडातून आपोआप बाहेर पडणारी वाक्यं ठरलेली आहेत. ‘काही होत नाही हो.’ ‘देवावर सोडा.’ ‘लेकरांकडे बघा आणि उभ्या राहा.’ ‘आमच्या शेजारच्या काकूंचं तर याहून वाईट होतं.’ पुस्तकात यांतलं एकेक वाक्य ‘संवाद तोडणाऱ्या’ यादीत बसवलेलं आहे आणि माझ्या मते यादी बरोबर आहे. ही वाक्यं बोलणाऱ्याला सोडवतात, ऐकणाऱ्याला नाही. एकदा ‘लेकरांकडे बघा’ म्हटलं की समोरची बाई पुढचं काय सांगणार? सांगितलं तर ती वाईट आई ठरते.

माझ्या पेशंट असलेल्या ताई तिशीच्या, बागायती पट्ट्यातल्या. घरात फवारणीचं औषध पिऊन जिल्हा रुग्णालयात आयसीयूमध्ये राहिल्या, तिथून नैराश्याच्या उपचारासाठी इकडे आल्या. केसपेपरवर घरच्यांनी सांगितल्याप्रमाणे ‘चुकून प्यायली’ होतं. असे ‘चुकून’ बऱ्याच केसपेपरवर दिसतात. पोलिसांची भीती असते, गावची असते, आणि धाकट्या नणंदेचं लग्न जमवायचं असतं. 2017 च्या कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायला सांगितलंय, आणि 1 जुलै 2024 पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत तो जुना, दंड संहितेच्या कलम 309 चा, आत्महत्येच्या प्रयत्नाचा गुन्हाही उरलेला नाही (सरकारी कामात अडथळा आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा आहे). गावात हे अजून पोचायचंय.

पहिले काही दिवस त्या चादरीच्या कडेचा दोरा ओढत बसायच्या आणि मी बाजूला बसायचे. रोज त्याच वेळी, तेवढाच वेळ. मग एका सकाळी, जर्नलमधून उतरवतेय :

मी : ताई, आज कसं वाटतंय?
त्या : बरंय.
मी : (गप्प.)
त्या : बरंय म्हणायचं असतं ना.
मी : म्हणायचं असतं...
त्या : नाही म्हटलं की डॉक्टर गोळी वाढवतात. आणि मग घरचे न्यायला येत नाहीत.
मी : म्हणजे बरं वाटलं नाही तरी बरंच म्हणावं लागतं.
त्या : (दोरा सोडला.) घरी पण तसंच होतं.

पुस्तकाच्या भाषेत इथं मौन, पुनरुक्ती आणि भावना उलगडून सांगणं एवढीच तंत्रं आहेत. माझं स्वतःचं असं एकही वाक्य नाही, तिचीच वाक्यं तिला परत दिलेली. जर्नल तपासताना मॅडमनी ‘गप्प’ या रकान्यापुढे विचारलं, ‘किती वेळ?’ अंदाजे लिहिलं. पण ते लिहायचं असतं, हे तेव्हा कळलं. दहा सेकंद गप्प बसणं आपल्याला जड जातं. पेशंटला तेवढा वेळ वाक्य जुळवायलाच लागतो.

आत्महत्येबद्दल विचारायचं कसं, हे मी पुस्तकातून नाही, सिस्टर इनचार्जकडून शिकले. नवीन भरती झालेल्या काकांजवळ त्या खुर्ची ओढून बसल्या आणि सरळ म्हणाल्या, ‘काका, इतका त्रास होतो तेव्हा मरून जावं असं वाटतं का?’ काकांनी मान हलवली. ‘कसं करायचं ते ठरवलंय का? ते सामान घरात आहे का? याआधी कधी केलं होतं? आत्ता, इथं बसल्या बसल्या वाटतंय का?’ आवाज तोच, रात्री झोप लागली का विचारतात तसा. आम्ही पाठीमागे उभ्या, श्वास रोखून. आपण विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरेल, हा धाक आम्हा सगळ्यांना होता. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस सुटल्यासारखा बोलायला लागतो. काका बोलले. आडवळणानं विचारलं की आडवळणानं ‘नाही’ येतं, असं सिस्टर नंतर ड्युटी रूममध्ये चहा ओतता ओतता म्हणाल्या.

विचार आहे, बेत ठरलाय, साधन हाताशी आहे, पूर्वी प्रयत्न झालाय : जितकं पुढे जावं तितका धोका चढत जातो. काकांना नर्सिंग स्टेशनसमोरची कॉट मिळाली आणि एक माणूस सतत नजरेसमोर. इतरांना पंधरा-पंधरा मिनिटांनी बघायचं असतं, पण तेही ठोक्याला नाही, मागेपुढे करून, कारण पेशंटला आपलं वेळापत्रक पाठ होतं. हँडओव्हरची, म्हणजे ड्युटी बदलायची, वेळ वाईट, सगळा स्टाफ टेबलाभोवती गोळा झालेला असतो. पहाटही वाईट. आणि नातेवाइकांना सांगून पटत नाही ती गोष्ट अशी की माणूस सुधारायला लागला की जास्त सांभाळायचं. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे किंवा अधिकही लागतात. त्यात अंगात तरतरी आधी येते, मन मागाहून उभारी धरतं. आठवडाभर पडून असलेला माणूस उठून हसतखेळत आपलं घड्याळ दुसऱ्याला देऊन टाकायला लागला तर आनंदून जायचं नाही, जाऊन परत तेच प्रश्न विचारायचे. डिस्चार्जनंतरचे पहिले आठवडेही तसेच. म्हणून घरच्यांना बसवून शेतीची औषधं कुलपात ठेवायला आणि गोळ्या घरातल्या दुसऱ्या कुणीतरी हातात द्यायला सांगायचं. हे पाच मिनिटांचं बोलणं डिस्चार्जच्या गडबडीत सर्रास राहून जातं. मला हा आपल्या व्यवस्थेतला सगळ्यात स्वस्तात बुजवता येणारा खड्डा वाटतो.

ताईंनी एक दिवस आवाज खाली आणून म्हटलं, ‘एक सांगते, कुणाला सांगायचं नाही हं.’ इथं मैत्रिणीसारखं ‘नाही सांगणार’ म्हणून मोकळं होता येत नाही. मी म्हटलं, ‘ताई, बाहेर कुठंच जाणार नाही. पण तुमच्या जिवाला धोका असेल असं काही असेल, तर डॉक्टर-सिस्टरना मला सांगावं लागेल. सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.’ त्या दिवशी त्या गप्प राहिल्या. तिसऱ्या दिवशी सांगितलं. लहान मूल असेल आणि लैंगिक अत्याचाराचं असेल तर प्रश्नच नाही, पोक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे.

ताईंनी काय सांगितलं ते इथं लिहीत नाही. मारहाणीच्या केसेस कशा हाताळतात ते मात्र लिहिते, कारण ओपीडीत ते रोज दिसतं. बाई डोकेदुखी, झोप नाही, छातीत धडधड म्हणून येते आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर नवरा देतो. सिस्टर म्हणायच्या, ‘दादा, तेवढा केसपेपरवर खिडकीतून शिक्का घेऊन या, मी यांचं बीपी बघते.’ दादा गेले की कफ गुंडाळता गुंडाळता विचारायच्या, ‘घरी कुणी हात उगारतं का?’ उत्तर बहुतेकदा असं : ‘मारत नाहीत. राग आला की उचलतात कधीमधी.’ यावर ‘मग राहता कशाला?’ विचारायचं नाही. चिडणंही नाही. ‘यात तुमची चूक नाही’ एवढं म्हणायचं आणि लगेच कामाचं : आज घरी जायला भीती वाटते का? मुलं कुठं आहेत? रात्रीबेरात्री जाता येईल असं कुणी जवळ आहे का? मार वाढलाय का अलीकडे? केसपेपरवर तिचेच शब्द लिहायचे, वळ कुठं, केवढा, कोणत्या रंगाचा. ‘पडून लागलं असावं’ असा आपला अंदाज नाही.

2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात, अत्याचार सोसणाऱ्या बायकांना एकाच जागी मदत देणारं सखी वन स्टॉप सेंटर असतं, 181 या महिला हेल्पलाइनला फोन लावता येतो. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेनं सुरू केलेलं ‘दिलासा’ केंद्र आमच्या मॅडम नेहमी उदाहरण म्हणून देतात, कारण तिथं ही मदत दवाखान्यातच मिळते, बाईला वेगळ्या पाटीच्या दारात शिरावं लागत नाही. नंबर कागदावर लिहून द्यायचा नाही, पर्स तपासली जाते. तीन आकडे आहेत, तोंडपाठ करून घ्यायचे. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हाही पाठ होण्यासारखा आहे. चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

या सगळ्यात स्वतःचं काय होतं? होस्टेलवर रात्री एकमेकींना पेशंटच्या गोष्टी सांगत बसण्यापेक्षा मॅडमशी बोला, असं सांगायचे. आम्ही दोन्ही केलं. मला जेवण जात नव्हतं काही दिवस. रूममेटला वॉर्डातल्या एका आजींनी स्वतःची मुलगी समजून रोज पोळीचा घास ठेवला, तिला ते सोसेना. मॅडमनी तिला रागावलं नाही, आजींशी बोलताना ‘मी नर्सिंगची विद्यार्थिनी, तुमची मुलगी नाही, पण रोज अकराला येते’ असं म्हणायला शिकवलं. आजींना चाललं. घास मात्र ठेवतच राहिल्या.

निरोपाची तयारी पहिल्याच दिवशी करायची असते. ‘मी महिनाभर आहे’ असं आधीच सांगायचं आणि शेवटच्या आठवड्यात रोज आठवण द्यायची. शेवटच्या दिवशी गुपचूप नाहीसं व्हायचं नाही, आपला नंबर द्यायचा नाही, भेटवस्तू घ्यायची नाही. ताईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मग आता अकराला कोण?’ पुढच्या बॅचच्या मुलीशी त्यांची ओळख करून दिली. दोन दिवस त्या तिच्याशी बोलल्या नाहीत, असं तीच मला सांगत होती.

प्रॅक्टिकल परीक्षेला एक्सटर्नलनी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, मानसिक स्थितीची तपासणी करायला लावली, औषधं विचारली. हॅलोपेरिडॉल या मनोविकारावरच्या औषधाचं इंजेक्शन दिल्यावर पेशंटची मान एका बाजूला वळून ताठ झाली तर ते ढोंग नाही, औषधाचा परिणाम आहे, लगेच डॉक्टरांना कळवायचं. हे धड सांगता आलं की पुढचे प्रश्न सोपे जातात. हातापायाला कंप, जुलाब, बोलणं अडखळतंय आणि पेशंट लिथियमवर (मूडच्या चढउतारांवरचं औषध) आहे, तर पुढचा डोस थांबवून रक्तातली पातळी बघायची.

तर फाइलबद्दल. प्रोसेस रेकॉर्डिंग मागू नका, मी देणार नाही. ते ताईंचं आहे आणि मॅडमना उतरवलेलं दोन ओळींत कळतं. केस प्रेझेंटेशनचा आराखडा देते. ड्रग कार्डं, म्हणजे एकेका औषधाची माहिती लिहिलेली कार्डं, खुशाल उतरवून घ्या. लिथियमची रक्तातली पातळी 0.6 ते 1.2 कुणाच्याही अक्षरात तेवढीच राहते.